बाबांच्या झुलीवरचं कापड

इबादान
२८ मे १९७२

प्रिय फेहिंतोलाताई,

गुडघे टेकून नमस्कार. इतके महिने पत्र नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. बाबांना माती दिल्यावर मी लॉरीत बसले, ती इथे सुखरूप पोचल्याची ओळसुद्धा तुम्हाला लिहिली नाही. कॉलेजात कामं होती हे खरं आहे. पण कामं होती म्हणून लिहिलं नाही, हे खरं नाही. मी रोजनिशीच्या शेवटी दुसऱ्या दिवसाचं एकच काम लिहून ठेवते आणि त्यावरून तुम्ही मला हसता. त्या ओळीत 'ताईंना पत्र' कितीदा आलं आणि कितीदा पुढे ढकललं गेलं, ते आता पानं उलटून बघवत नाही.

लिहायला बसले की एकच प्रश्न आधी यायचा, आणि तो विचारायचा नाही असं मी ठरवलं होतं. शेवटच्या दिवसांत बाबांनी माझं नाव घेतलं का? आता विचारून झालाच. तुम्ही त्यांच्या उशाशी होतात, मी नव्हते. उत्तर नाही दिलंत तरी मी समजेन. काय समजेन ते मात्र मलाही ठाऊक नाही.

सुलेच्या लॉरीतून एक गाठोडं पाठवते आहे. आत मखमल आहे, गडद लाल. यंदा आपल्या घरचा एगुंगुन, पितरांची झूल पांघरून, निघेल तेव्हा पहिल्यांदाच बाबा त्यातून गावात येतील. मुलींनी कापड द्यायचं आणि घरच्या पुरुषांनी ते आतल्या खोलीत नेऊन झुलीवर शिवायचं, ही आपली रीत. थोरलीचं कापड आधी, धाकटीचं त्याच्यावर. म्हणजे माझं सगळ्यात वर येईल. हे मी मागून घेत नाही, तसंच ठरलेलं आहे. फक्त ओजेलादेकाकांना एवढं सांगा की ते समोरच्या बाजूला, राजाच्या सज्जातून दिसेल असं लावावं. हे वाक्य मी खोडलं होतं. पुन्हा लिहिलं, कारण खोडून मनातून गेलं नाही.

मला येता येणार नाही. मुलींच्या परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यात आहेत. तुम्ही सगळं डोळे भरून बघा आणि मला सविस्तर लिहा.

तुमची धाकटी,
तिनुओला


इजारो
३ जुलै १९७२

मास्तरीणबाई तिनुओला,

तुझं पत्र मिळालं, गाठोडंही मिळालं. सुले लॉरीच्या टपावरून ओरडला, "इबादानच्या बाईंची मखमल आली हो!" म्हटलं, "आणखी ओरड बाबा, राजाला ऐकू गेलं नसेल." भजी तळणाऱ्या बायका कढई सोडून बघायला आल्या. एक म्हणाली, "फेहिंतोला, तुझ्या धाकटीचं बरं चाललंय गं." मी म्हटलं, "चालतंय. चालायला शिकवलं कोणी ते विचार."

तुला सविस्तर हवं, तर घे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर लागलं नाही तर दिव्याजवळ धर.

पहाटे पाऊस होता, मग उघडला. ढोल आधी वरच्या आळीत वाजले, मग आपल्या अंगणात. आम्ही लेकी, सुना, सगळ्या झाडून-सारवून, नटूनथटून उभ्या. दार उघडलं आणि बाबा आले. तेच चालणं, तिनु. डाव्या पायावर जरा जास्त भार. मी खाली बसले ते उठवेचना. माझ्या शेजारी उभी असलेली एक सून तर रडत रडत हसत होती.

राजवाड्यासमोर ढोलकऱ्यांनी आपल्या घराण्याची बिरुदं वाजवायला घेतली आणि बाबा गरगर फिरू लागले. झूल अशी उघडली जशी छत्री. एकेक थर सुटा झाला. आजोबांच्या वेळचं फुलाफुलांचं, मग पट्ट्यापट्ट्यांचं हातमागाचं, आणि सगळ्यात आत ते राखेच्या रंगाचं जाडंभरडं, जुन्या गावाला लढाईत आग लागली तेव्हा आपली पणजी डोक्यावर घेऊन इथवर चालत आली ते. क्षणभरच दिसलं. आणि वरचं कापड! काय उडालं म्हणून सांगू. वाऱ्याने नाही, बाबांच्या अंगच्या जोराने. राजा आसनावरून उठून उभा राहिला. धाकटी राणी म्हणाली, "हे कोणाच्या लेकीचं कापड?" सगळ्यांनी बाबांचं नाव घेतलं, ओजेरिंदेच्या लेकीचं.

तू लिहिलंस, सज्जातून दिसायला हवं. दिसलं.

बाबांना शेवटी बोलता येत नव्हतं. त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही. माझंही नाही.

रंगाच्या रांजणांकडे जाते. नीळ थांबत नाही माणसासाठी.

फेहिंतोला


इबादान
१५ जुलै १९७२

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून वाचलं, मग शिक्षकांच्या खोलीत जाऊन एका मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती किनाऱ्याकडची, तिला यातलं फारसं कळत नाही. तरी "राजा उठून उभा राहिला" इथे तिनेही मान डोलावली. तिने मान डोलावली याचा मला किती आनंद झाला, हे बघून नंतर माझी मलाच लाज वाटली.

आपल्या आयांची आठवण आली. दोघींच्या चुली एका अंगणात, आणि बाबा आज कोणाच्या हातचं जेवले हे दोघी एकमेकींच्या भांड्यांवरून ओळखायच्या. तुमच्या आईचा लसणीचा वास बाबांच्या अंगरख्याला आला की माझी आई त्या दिवशी मला विनाकारण चापटी मारायची. सवतींचं ते त्यांच्याबरोबर गेलं, असं मी मुलींना शिकवताना म्हणते. खरंच गेलं का, हे मी मुलींना सांगत नाही.

तुमच्या पत्रात एक राहिलं. तुमचं कापड कसं दिसलं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. माझ्या खाली होतं म्हणून लिहायचं टाळलंत का? तुमच्या निळ्यावर माझी लाल मखमल, हा मेळ मी मनात पुष्कळदा बघितला.

आणि बाबा तुमच्यापाशी थांबले असतील. ते प्रत्येक लेकीपाशी थांबतात. त्यांनी तुमच्या डोक्यावर चवरी ठेवली असेल, त्या घोगऱ्या आवाजात बोलले असतील. काय बोलले? मला याचा हेवा वाटतो, हे सरळ लिहून टाकते, म्हणजे तो पत्रात तरी राहील. कापड माझं वर होतं, पण हात तुमच्या डोक्यावर होता.

तुमची,
तिनुओला


इजारो
२० ऑगस्ट १९७२

तिनु,

लिहायला सवड नाही. मोठा रांजण मेला. वरचा तांबूस फेस गेला आणि खाली नुसतं गढूळ पाणी राहिलं. कापड घातलं की धुतल्यासारखं पांढरं बाहेर येतं. राख बदलली, पानांचे नवे गोळे घातले, देवीपुढे सुपारी फोडावी तसा कोला फोडला, काही उपयोग नाही. शेजारची म्हातारी अबेनी रांजणात बोट बुडवून जिभेला लावते आणि माझ्याकडे बघते. बोलत काही नाही. तिचं ते बघणं मला आवडत नाही.

बाजारात उभी राहिले की बायका विचारतात, निळं कधी? म्हणते, आज नाही. उद्या? उद्याही नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं पुढे कधी देईन.

फेहिंतोला


इबादान
१२ नोव्हेंबर १९७२

ताई,

ओजेलादेकाका डोळे दाखवायला इथल्या इस्पितळात आले होते. नातू सोबत होता. रात्री माझ्याकडे उतरले. मी पिठाचा गोळा आणि भाजीचं कालवण केलं. त्यांनी बोटांनी ताट चाचपून म्हटलं, "मास्तरीण झालीस तरी हाताला गावाची चव आहे." मला बरं वाटलं. मग मी, नको ते, मखमलीचा विषय काढला.

"काका, तुम्हाला शिवायला जड गेली असेल."

"कोणती मखमल?"

"मी पाठवलेली. बाबांसाठी. लाल."

ते जेवायचे थांबले. "पोरी, डोळे गेलेत, बोटं नाही गेलीत. झुलीचा टाका न् टाका माझ्या हातचा आहे. वर जे आहे ते सुती आहे, निळीचं, कांजी लावून नक्षी काढलेलं. फेहिंतोलाचं. त्याच्यावर काही नाही."

"खाली असेल."

"खाली तुझे आजोबा आहेत," ते म्हणाले. "धाकटीने यंदा काही दिलं नाही, असंच आम्ही धरून चाललो."

असंच धरून चालले. सगळा गाव असंच धरून चालला असेल. धाकट्या राणीने विचारलं हे कोणाच्या लेकीचं, आणि सगळ्यांनी सांगितलं ओजेरिंदेच्या लेकीचं. तुझं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. प्रत्येक शब्द जागच्या जागी आहे, आणि मी मूर्खासारखी त्यात माझी मखमल घालून वाचत राहिले.

निजताना काकांनी विचारलं, "आणि कोला? मिळाला ना तुला?"

"कोणता कोला?"

त्यांनी पाठ फिरवली. नातवाला म्हणाले, "चटई घाल रे, म्हातारा दमला." सकाळी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "लेकींच्या मधे मी पडत नाही. एगुंगुनच्या मधे तर नाहीच."

मला खरं काय ते हवं आहे. माझं कापड कुठे आहे? विकलंस? अंगाला लावलंस? बाबा पहिल्यांदा आले, आणि माझं त्यांच्या अंगावर काहीच नव्हतं. एक सूतभरही नाही. त्यांना वाटलं असेल ती विसरली. तू त्यांना असं वाटू दिलंस. आणि कोणता कोला?

तिनुओला


इजारो
१ डिसेंबर १९७२

तिनु,

पत्रात तू मला 'तू' लिहिलंस. आपल्या घरात धाकटीने थोरलीला असं म्हटलेलं कोणी ऐकलं नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. राग यायला हवा होता. मला उलट वाटलं, चला, एकदा तरी बरोबरीने बोलली.

ऐक आता. मधे थांबू नकोस.

मखमल मी विकली नाही. पेटीत ठेवली. त्याआधी उघडली, गालाला लावली, कोणी बघत नाही ना बघून अंगाभोवती गुंडाळली आणि आरशात पाहिलं. असं कापड मला कधी कोणी दिलं नाही. नवऱ्याने नाही, बाबांनी नाही. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. राजाच्या सज्जातून दिसेल असं लावा. थोरलीचं आधी, धाकटीचं वर. मला ठाऊक नव्हतं का ते? मला शिकवतेस?

कसला थोरलीचा मान गं हा? आधी द्यायचा मान म्हणजे खाली जायचा मान. तू जन्मलीस तेव्हापासून हेच चाललंय. मिशनच्या शाळेत पुढे एकीलाच घालायचं ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, "थोरलीचे हात रांजणात तयार झालेत, धाकटीचे अजून कोरे आहेत." माझे हात निळे होते म्हणून तू शिकलीस. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची कूस बदलली ती याच हातांनी, आणि आल्यागेल्याला ते तुझ्या बदलीच्या गोष्टी सांगायचे. आता मेल्यावर तरी त्यांच्या अंगावर माझं कापड वर असावं असं वाटलं. एक वर्ष. म्हटलं पुढच्या वर्षी देईन तिची मखमल, एक वर्ष मला राहू दे.

मग तो दिवस आला. मी खोटं लिहिलं नाही. माझं निळं खरंच तसं उडालं. राजा खरंच उठला. मी म्हटलं, आता मेले तरी चालेल.

मग बाबा माझ्यापाशी आले. मी खाली बसले. चवरी डोक्यावर आली. तो आवाज आला. तुला काय वाटतं, काय म्हणाले असतील? फेहिंतोला, तुझं कापड छान आहे?

ते म्हणाले, "माझी आयिंके कुठे आहे?"

तुझं लाडाचं नाव. त्यांच्याशिवाय ते कोणी घेत नव्हतं. मी म्हटलं, "इबादानला आहे, बाबा. मुलींच्या परीक्षा आहेत." त्यांनी झुलीतून हात काढला, एक कोला माझ्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, "तिला दे." आणि पुढे गेले.

माझं कापड अंगावर घालून त्यांनी तुला विचारलं, तिनु.

तो कोला पदराच्या टोकात बांधून सुलेबरोबर पाठवायला हवा होता. एवढं मला कळतं. मी तो तिथेच फोडला आणि खाल्ला. चारही पाकळ्या. ढोलकऱ्यांच्या तोंडावर. तोंड कडू झालं, डोळ्यांत पाणी आलं, तरी चावत राहिले. धाकटी राणी म्हणाली, "अगं, तो तुझ्या बहिणीचा ना?" मी म्हटलं, "होता."

घरी आले, पेटीतून तुझी मखमल काढली आणि मोठ्या रांजणात बुडवली. म्हटलं, लाल दिसायलाच नको.

आता तू इतकी शिकलीस, पण रांजणाचं तुला काही ठाऊक नाही. मनात राग धरून रांजणाकडे जायचं नसतं. पोरींना आम्ही पहिली गोष्ट हीच शिकवतो. भांडण झालं असेल तर त्या दिवशी धुणी धू, राख चाळ, पण झाकण उघडू नकोस. मी आजवर कधी उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. मखमलीने रांजणातला सगळा जीव ओढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून रांजण मेला.

कापड कसं निघालं सांगू? सांगत नाही. तुला हेवा वाटेल. दोरीवर वाळत होतं तेव्हा परगावच्या एका व्यापारणीने कुंपणाबाहेर टोपली खाली ठेवली आणि बघतच राहिली. म्हणाली, "हा रंग कसा काढलास?" काय सांगणार, कसा काढला?

म्हातारी अबेनी परवा शेवटी बोलली. म्हणते, जिच्यावर राग धरून बुडवलंस तिचा हात रांजणात पडल्याशिवाय तो उठायचा नाही. तुला बोलावते आहे असं समजू नकोस. म्हातारी काय म्हणाली ते फक्त कळवलं.

एक विचारू? बाबांनी शेवटी तुझं नाव घेतलं का, हे तू पहिल्याच पत्रात विचारलंस. माझं घेतलं का, हे तुझ्या मनात एकदा तरी आलं?

फेहिंतोला


इबादान
२ जून १९७३

प्रिय ताई,

पुन्हा उशीर, पुन्हा क्षमा. या सहा महिन्यांत तुम्हाला किती पत्रं लिहिली आणि फाडली ते सांगत नाही. पहिली रागाची होती. नंतरची शहाणपणाची होती, ती जास्त वाईट होती.

'तुम्ही'वर परत आले आहे. रागात लिहिलेलं ते 'तू' माझं मलाच वाचवेना. तुम्हाला ते आवडलं असेल तर समोर आल्यावर एकदा म्हणून बघेन, ढोल वाजत असताना, म्हणजे दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. मनात आलं नाही. एकदाही नाही. तुम्ही उशाशी होतात, म्हणजे तुम्हाला सगळं मिळालंच असणार, असं मी धरून चालले होते. काकांनी माझ्याबद्दल धरलं तसंच.

तुमचं पत्र वाचताना काय काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण नंतर मी ते सुधारून सांगेन. "माझी आयिंके कुठे आहे?" इथे मला रडू आलं. लगेच पाठोपाठ वाटलं, जिंकले. मग पुढची ओळ वाचली, तुमचं कापड अंगावर घालून त्यांनी मला विचारलं, आणि वाटलं, पण कापड तर तुमचंच होतं. एकाच क्षणी मी जिंकल्याचा आनंद मानत होते आणि तुमचा हेवा करत होते. कोल्याशी आले तेव्हा मोठ्याने हसले. "होता"! शेजारची मैत्रीण बघायला आली. हसण्याचा भर ओसरला तेव्हा तो कोला मला हवा होता, इतका हवा होता की हातात धरलेला कागद चुरगळला. बाबांनी मला दिलेली शेवटची वस्तू तुमच्या पोटात गेली आहे. हे कसं माफ करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी माफ केलं असं लिहिणार नाही, कारण ते खरं नाही.

आणि तुमच्या हातांचं. तुमचे हात निळे होते म्हणून मी शिकले, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि थोरलीच्या तोंडून ऐकणं यांत फार अंतर आहे. वर्गात फळ्याजवळ खडू धरला की आता मी माझ्या बोटांकडे बघते. मुली विचारतात, "बाई, काही लागलं का?"

आता यंदाचा प्रश्न. पुढच्या आठवड्यात बाबा पुन्हा येतील. मखमल द्यायची का? मी रीतीप्रमाणे तुमच्यानंतर दिली तर ती पुन्हा तुमच्या निळ्यावर बसेल. तुमच्या आधी दिली, म्हणजे माझी खाली जाईल, तर थोरलीची जागा मी घेतली असा त्याचा अर्थ होईल, आणि गाव ते विसरणार नाही. दोघींनी एकदम द्यावी म्हटलं तर काका म्हणतील, पोरींनो, सुई एकच आहे. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि सरळ वाट सापडली नाही. ज्याने ही रीत घातली त्याला बहिणी नसाव्यात.

तेव्हा मी ती देणार नाही. बाबांच्या अंगावर यंदाही तुमचंच वर राहू दे. हे मी मोठ्या मनाने म्हणत नाही, तोंड वाकडं करूनच म्हणते आहे. मखमल मी नेसणार आहे. तुम्ही रंगवलेली तशीच, कशी निघाली असेल तशी. तुमच्या शेजारी उभी राहीन. बायका विचारतील, हा रंग कोणी काढला? मला सांगावं लागेल, माझ्या ताईने. कापड माझं आणि कौतुक तुमचं. मला ते आवडणार नाही. तरी सांगेन, आणि मोठ्याने सांगेन.

बाबा माझ्यापाशी थांबले आणि त्यांनी "माझी फेहिंतोला कुठे आहे?" असं विचारलं, तर तुम्ही शेजारीच असाल, तुम्हीच उत्तर द्या. मात्र तुमच्यासाठी म्हणून त्यांनी काही माझ्या हातात ठेवलं, तर ते तुमच्यापर्यंत पोचेलच असं वचन मी आत्ता देत नाही. माझीही दाढ शिवशिवते आहे.

हे पत्र सुलेबरोबर पुढे पाठवते. मी परवाच्या लॉरीने निघते. परीक्षांचं काम दुसऱ्या बाईंना दिलं आहे. आल्यावर आधी रांजण, मग बाकीचं. म्हातारीला सांगा, झाकण काढून ठेव. कोपरापर्यंत हात घालायचे असतील तर कोपरापर्यंत घालीन. नीळ महिनाभर जात नाही म्हणतात. जाऊ नये. वर्गात निळ्या हातांनी फळ्यावर लिहीन, आणि मुलींनी विचारलं तर धडा बाजूला ठेवून तुमची गोष्ट सांगेन.

मनातला सगळा राग गेलेला नाही. तेवढा रांजणाला चालतो का, ते आधी विचारून ठेवा.

रोजनिशी आज लिहिली नाही, म्हणून उद्याचं काम इथेच लिहिते.

तुमची आयिंके

उद्या: बाजारातून कोला घेणे, चार पाकळ्यांचा, एकच.